एक चूल की दोन? अमेरिकेच्या इन्कम टॅक्समध्ये 'फायलिंग स्टेटस' काय करतं

पौष लागायच्या आत म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बार उडवायचा, ही आपल्याकडची ठरलेली धांदल. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात त्या दिवसांत बोहल्यावर चढणाऱ्यांपैकी कितीतरी जण तीन आठवड्यांची रजा काढून अमेरिकेहून आलेले असतात. लग्न होतं, नवरा परत जातो, आणि नवरी व्हिसाच्या तारखेची वाट पाहत माहेरी थांबते.

मार्चमध्ये तो टॅक्सचं सॉफ्टवेअर उघडतो. सुरुवातीलाच प्रश्न येतो: तुमचं फायलिंग स्टेटस काय? बायको अजून भारतात, लग्न वर्षाच्या अगदी शेवटी झालेलं. गेल्या वर्षी 'सिंगल' निवडलं होतं, तेच तो याही वर्षी निवडतो.

त्याचा पगार वर्षाला १,२०,००० डॉलर असेल आणि बायकोचं स्वतःचं उत्पन्न नसेल, तर या एका खुणेमुळे तो ७,७२४ डॉलर जास्त भरून बसतो. शिवाय खोटी माहिती दिल्याचा दोष राहतो तो वेगळाच, कारण कायद्याच्या लेखी तो त्या वर्षी अविवाहित नव्हताच.

भारतातून गेलेल्या माणसाला हा प्रश्न बुचकळ्यात टाकतो, यात नवल नाही. आपल्याकडे नवऱ्याचं पॅन वेगळं, बायकोचं वेगळं, विवरणपत्रंही वेगळी. लग्न झालं म्हणून कराचा दर बदलत नाही. अमेरिकेत बदलतो. या लेखात सगळे आकडे २०२५ या करवर्षाचे आणि फक्त केंद्रीय कराचे आहेत. त्या वर्षाचं विवरणपत्र भरायची मुदत १५ एप्रिल २०२६. राज्यांचा कर वेगळा असतो, त्यात मी शिरत नाही.

पाच पर्याय, एक प्रश्न

फायलिंग स्टेटस म्हणजे करखात्याच्या नजरेत तुमच्या घराची मांडणी कशी आहे, याचं उत्तर. त्याचे पाच पर्याय आहेत. सिंगल, म्हणजे अविवाहित. मॅरिड फायलिंग जॉइंटली, म्हणजे नवरा-बायकोचं मिळून एक विवरणपत्र. मॅरिड फायलिंग सेपरेटली, म्हणजे विवाहित असूनही दोन वेगळी विवरणपत्रं. हेड ऑफ हाउसहोल्ड, म्हणजे जोडीदाराविना मुलाबाळांचं किंवा अवलंबून असलेल्या नातलगाचं घर चालवणारी व्यक्ती. आणि क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस, म्हणजे जोडीदार गेल्यानंतर पदरी मूल असलेली व्यक्ती. जोडीदार ज्या वर्षी गेला त्या वर्षाचं विवरणपत्र एकत्र भरता येतं आणि पुढची दोन वर्षं हा शेवटचा पर्याय मिळतो. त्यात दर एकत्र विवरणपत्राचेच लागतात.

आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे की नाही, हे विचारताना जुनी माणसं विचारायची, "चूल एक की वेगळी?" अमेरिकेचं करखातं, म्हणजे आयआरएस, हाच प्रश्न विचारतं. त्याच्या उत्तरावर दोन गोष्टी ठरतात: किती उत्पन्न करातून सरसकट सुटणार आणि उरलेल्यावर कोणता दर कुठपर्यंत लागणार.

सरसकट सुटणाऱ्या रकमेला स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात. सिंगल व्यक्तीसाठी ती १५,७५० डॉलर आहे, जोडप्यासाठी बरोबर दुप्पट म्हणजे ३१,५००, आणि हेड ऑफ हाउसहोल्डसाठी मधली, २३,६२५.

हंडे भरायचे कसे

दर कसे लागतात, हे समजायला नळाखाली ओळीने मांडलेले हंडे डोळ्यांसमोर आणा. पहिला भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा. पहिल्या हंड्यातल्या पैशावर १० टक्के कर, दुसऱ्यातल्यावर १२, मग २२, मग २४, असं करत ३७ टक्क्यांपर्यंत. वरच्या दराच्या हंड्यात पैसे पडू लागले म्हणून खालच्या हंड्यांचा दर बदलत नाही. 'मी २२ टक्क्यांत गेलो' म्हणजे सगळ्या पगारावर २२ टक्के, असं अजिबात नाही. आपल्या स्लॅबचंही हेच गणित आहे, तरी हा गैरसमज काही जात नाही.

सिंगल व्यक्तीचा १० टक्क्यांचा हंडा ११,९२५ डॉलरला भरतो आणि १२ टक्क्यांचा ४८,४७५ ला. जोडप्याचे हेच दोन हंडे २३,८५० आणि ९६,९५० ला भरतात, म्हणजे दुप्पट मोठे असतात. एकत्र विवरणपत्र भरलं की दोघांची मिळकत या मोठ्या हंड्यांत ओतली जाते. कुणी किती कमावलं, हे नळाला ठाऊक नसतं.

आता आपल्या नवरदेवाचं गणित करू. १,२०,००० मधून सिंगलची सूट वजा जाऊन उरतात १,०४,२५०, आणि त्यावर कर येतो १७,८६७ डॉलर. जोडप्याची सूट वजा केली तर उरतात ८८,५००. ते १० आणि १२ टक्क्यांच्या हंड्यांतच मावतात, २२ टक्क्यांचा हंडा कोरडा राहतो. कर येतो १०,१४३. पगार तोच आहे, बदललं ते फक्त लग्न.

दोघांनी प्रत्येकी ६०,००० कमावले तर? एकत्र विवरणपत्रात कर तोच, १०,१४३. आणि लग्न न करता दोघांनी वेगवेगळा भरला असता, तर प्रत्येकी ५,०७१.५०, म्हणजे मिळून पुन्हा १०,१४३. समान कमाईच्या या जोडप्याला लग्नाने ना फायदा झाला, ना तोटा. फायदा होतो तो एकाचीच कमाई मोठी असते तेव्हा, कारण दुसऱ्याचे रिकामे हंडे त्याला वापरायला मिळतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नवरा आणि एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर घरी बसावं लागलेली बायको, ही आपल्या असंख्य जोडप्यांची पहिल्या काही वर्षांची अवस्था. हा नियम जणू त्यांच्यासाठीच केल्यासारखा त्यांना लागू पडतो.

लग्न तीन आठवड्यांचं, हिशेब वर्षभराचा

नियम असा आहे की ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर अख्खं वर्ष विवाहित. त्या दिवशी कायदेशीर घटस्फोट झालेला असेल तर अख्खं वर्ष अविवाहित. लग्न कुठल्या देशात झालं याने फरक पडत नाही, आणि बायको कुठे राहते यानेही तिचं बायकोपण जात नाही.

मात्र तिच्या राहण्याच्या जागेने दुसरा फरक पडतो. करासाठी अमेरिकेचा रहिवासी कोण, हे बहुतेकांच्या बाबतीत दिवस मोजून ठरतं: चालू वर्षातले सगळे दिवस, आधीच्या वर्षातले एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षातले एक षष्ठांश, अशी बेरीज १८३ किंवा जास्त व्हायला हवी, आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस तिथे असायला हवं. भारतात असलेली नवरी अर्थातच रहिवासी ठरत नाही. रहिवासी नसलेल्या जोडीदारासोबत एकत्र विवरणपत्र भरता येत नाही, हा मूळ नियम.

त्याला एक वाट आहे. दोघांनी सहीचं निवेदन जोडून सांगायचं की बायकोला करापुरतं वर्षभर रहिवासी माना. तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, म्हणून डब्ल्यू-७ हा अर्ज विवरणपत्रासोबत जोडून आयटिन नावाचा करापुरता क्रमांक मागायचा. हे झालं की एकत्र विवरणपत्राचे मोठे हंडे मिळतात.

पण ही वाट फुकटची नाही. रहिवासी मानलं की तिचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. तिची पुण्यातली नोकरी, बँकेतल्या ठेवींचं व्याज, आजोबांनी तिच्या नावावर केलेल्या फ्लॅटचं भाडं, सगळं त्यात आलं. भारतात भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, म्हणजे तो अमेरिकेतल्या करातून वजा होतो, पण कागदपत्रं वाढतात. अमेरिकेबाहेरच्या खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते, आणि ती न दिल्याचा दंड जबर असतो. बायकोची भारतात चांगल्या पगाराची नोकरी असेल तर दोन्ही तऱ्हेने आकडे मांडून पाहावेत. 'सगळे एकत्रच भरतात' हे निर्णयाचं कारण होऊ शकत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. एफ-१ व्हिसावरच्या मुलांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस त्या मोजणीत धरत नाहीत, म्हणून ती सहसा अनिवासीच राहतात. अनिवासी व्यक्तीला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. भारतीय विद्यार्थ्यांना मात्र मिळतं, कारण भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मध्ये तशी तरतूद आहे. शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या देशाच्या मित्राचं विवरणपत्र पाहून आपलं भरणारी मुलं हा हक्क हातचा घालवतात.

'हेड ऑफ हाउसहोल्ड' म्हणजे कुटुंबप्रमुख नव्हे

शब्दाने फसगत होते ती इथे. घराचा कर्ता मी, पगार माझा, मग हेड ऑफ हाउसहोल्ड मीच, असा सरळ विचार आपला माणूस करतो. बायकोसोबत राहणाऱ्या विवाहित पुरुषाला हा पर्याय सहसा नाहीच. तो आहे घटस्फोटित आईसाठी, एकट्या बापासाठी, आईवडिलांना सांभाळणाऱ्या अविवाहित मुलीसाठी. अट अशी की घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार तुमचा असावा आणि मूल किंवा पात्र नातलग निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्या घरात राहिलेला असावा. आईवडील वेगळ्या घरात राहत असले तरी चालतं, पण ते तुमच्यावर अवलंबून असल्याचं कायद्याने सिद्ध व्हायला हवं.

इथे आपल्याला जिव्हारी लागणारी एक गोष्ट आहे. अवलंबून असलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक वा रहिवासी, किंवा कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. साताऱ्यात राहणाऱ्या आईच्या औषधपाण्याचा आणि घराचा सगळा खर्च मुलगा दर महिन्याला पाठवत असला, तरी कराच्या कागदावर ती त्याच्यावर अवलंबून नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम आहे तो असा आहे.

विवाहितांना एक अपवाद आहे. जोडीदार अनिवासी असेल, त्याला रहिवासी मानण्याची निवड केलेली नसेल, आणि मूल तुमच्यापाशी राहत असेल, तर हा पर्याय खुला होतो. १,२०,००० च्या पगारावर त्यात कर येतो १४,३७७.५०. म्हणजे वेगळं भरण्यापेक्षा कमी, एकत्र भरण्यापेक्षा जास्त.

मग दोघांनी वेगळं का भरू नये?

भरता येतं. पण कायदा त्या वाटेवर काटे पेरून ठेवतो. वेगळं भरलं की बहुतेकांना शिक्षणावरची कर-श्रेयं मिळत नाहीत, विद्यार्थी कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही, पाळणाघराच्या खर्चाचं श्रेय जातं. शेअरमधला तोटा पगारातून वजा करण्याची मर्यादा ३,००० वरून १,५०० वर येते. आणि एकाने खर्चांची तपशीलवार यादी देऊन वजावट घेतली, तर दुसऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येत नाही. एकाने जे निवडलं त्याने दुसराही बांधला जातो.

तरीही काहींना तो मार्ग योग्य ठरतो. एकाचा दवाखान्याचा खर्च फार मोठा आणि उत्पन्न लहान असेल, तर त्याचा फायदा होऊ शकतो, कारण उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वरचाच वैद्यकीय खर्च वजा होतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता उत्पन्नावर ठरत असेल, तर जोडीदाराचं उत्पन्न त्यात मिसळू नये म्हणूनही लोक वेगळं भरतात. आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सही दोघांची, जबाबदारी प्रत्येकाची पूर्ण

एकत्र विवरणपत्रावर दोघांच्या सह्या असतात. त्या सहीचा अर्थ 'अर्धा कर माझा' असा नसतो. पूर्ण कर, पूर्ण व्याज, पूर्ण दंड दोघांपैकी कुणाहीकडून वसूल करता येतो. ज्याने एक डॉलर कमावला नाही त्याच्याकडूनही. नंतर घटस्फोट झाला आणि न्यायालयाने 'जुना कर नवऱ्याने भरावा' असं म्हटलं, तरी आयआरएसला ते बंधनकारक नाही.

हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला माझी कळकळीची विनंती आहे. एप्रिलच्या धावपळीत नवरा म्हणतो, "इथे सही कर," आणि आपण करतो. विश्वास असतोच, असावाही. पण त्याचा जोडधंदा आहे का, क्रिप्टोची खरेदी-विक्री आहे का, भारतातल्या फ्लॅटचं भाडं दाखवलंय का, हे त्या पानांवर असतं. ती पानं तुमच्या नावाची आहेत. वाचा, न कळलेलं विचारा, एक प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवा. जोडीदाराने लपवलेल्या उत्पन्नाची खरोखर कल्पना नव्हती असं दाखवता आलं, तर ८८५७ क्रमांकाचा अर्ज करून सुटका मागता येते. पण ती मागावी लागते, सिद्ध करावी लागते, आणि मिळेलच असं नसतं.

शंका असेल तर वेगळं भरून ठेवणं सुरक्षित असतं, त्याचं कारण नियमातच आहे. वेगळं भरलेलं विवरणपत्र साधारण तीन वर्षांच्या आत दुरुस्त करून एकत्र करता येतं. एकत्र भरलेलं, मुदत उलटल्यावर, वेगळं करता येत नाही.

दोघेही इंजिनिअर, तरी एप्रिलमध्ये धक्का का?

काही वर्षांनी बायकोलाही नोकरी लागते. समजा, दोघांचा पगार प्रत्येकी १,८०,०००. दोघेही नोकरी सुरू करताना, पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या डब्ल्यू-४ या अर्जात 'मॅरिड फायलिंग जॉइंटली' अशी खूण करतात आणि पुढचा भाग वाचत नाहीत. आता नवऱ्याची कंपनी समजते की या घरात हा एकच पगार आहे, म्हणून मोठे हंडे आणि जोडप्याची पूर्ण सूट याच पगाराला. बायकोची कंपनीही तेच समजते. एकच सूट दोन ठिकाणी वापरली जाते. वर्षअखेरीस अठरा-एकोणीस हजार डॉलरांच्या घरात कर कमी कापलेला निघतो, वर दंडाची शक्यता. उपाय त्याच अर्जाच्या दुसऱ्या टप्प्यात आहे: घरात दोन नोकऱ्या आहेत, ही खूण दोघांनीही करायची. एवढं केलं असतं तर एप्रिल शांत गेला असता.

याच जोडप्याला लग्नाचा छोटा दंडही बसतो. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठीचा ०.९ टक्के जादा कर सिंगल व्यक्तीला २,००,००० डॉलरच्या वर लागतो आणि जोडप्याला २,५०,००० च्या वर. दुप्पट नव्हे. लग्नाशिवाय दोघेही मर्यादेच्या आत असते. लग्नानंतर १,१०,००० जादा ठरतात आणि ९९० डॉलर द्यावे लागतात. कंपनी हा कर एका पगाराचे २,००,००० ओलांडल्यावरच कापते, त्यामुळे तोही आधी कापलेला नसतो. राज्याच्या करासाठी आणि घरपट्टीसाठी मिळणाऱ्या वजावटीची कमाल मर्यादाही अविवाहिताला आणि जोडप्याला सारखीच आहे, २०२५ साठी ४०,०००. सगळ्यात वरचा ३७ टक्क्यांचा हंडा सिंगलला ६,२६,३५० वर सुरू होतो आणि जोडप्याला ७,५१,६०० वर. एरवीचे दर बऱ्याच अंशी दुप्पट मापाचे आहेत, म्हणून मधल्या उत्पन्नाच्या जोडप्यांना हा दंड आता फारसा जाणवत नाही.

हे असं झालं कसं?

अमेरिकेत १९१३ साली प्राप्तिकर आला तेव्हा तो आपल्यासारखाच माणशी होता. १९३० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच वर्षात दोन निकाल दिले आणि सगळं फिरलं. पहिल्यात कॅलिफोर्नियातल्या एका वकिलाने बायकोशी लेखी करार केला होता की मी कमावेन त्यातलं अर्धं तुझं. न्यायालय म्हणालं, फळ एका झाडाला लागलं आणि दाखवलं दुसऱ्याला, असं चालणार नाही. कर कमावणाऱ्यानेच भरायचा. दुसऱ्यात वॉशिंग्टन राज्यातलं जोडपं होतं. तिथे कायदाच असा होता की लग्नानंतरची कमाई जन्मतःच दोघांची. न्यायालय म्हणालं, मग अर्धं-अर्धं दाखवा.

म्हणजे कराराने जे साधलं नाही ते राज्याच्या कायद्याने साधलं. सारखाच पगार, पण काही राज्यांतल्या जोडप्यांना कर कमी. मग ओक्लाहोमा, ओरेगॉन, मिशिगन अशी राज्यंही कर वाचवण्यासाठी आपले मालमत्तेचे कायदे बदलू लागली. हा गोंधळ मिटवायला १९४८ साली संसदेने देशभरच्या जोडप्यांना उत्पन्न विभागून मोजायची मुभा दिली. अविवाहितांनी तक्रार केली, तेव्हा १९५१ मध्ये हेड ऑफ हाउसहोल्ड आला आणि १९६९ च्या कायद्याने अविवाहितांचे दर उतरवले. त्यातून कमावत्या जोडप्यांवर लग्नाचा दंड पडू लागला. मेरीलँडमधल्या एका नोकरदार जोडप्याने १९७५ आणि १९७६ साली वर्ष संपता संपता कॅरिबियन बेटावर जाऊन घटस्फोट घेतला आणि नव्या वर्षात परत येऊन पुन्हा लग्न केलं. सगळं करासाठी. प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्यांना पटतील असे निकाल काही मिळाले नाहीत.

आपल्याला हे परकं वाटतं, पण गोव्यात याच्या फार जवळचं काही आहे. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे तिथे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते. म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ घातलं गेलं. त्यानुसार अशा जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंद्याचा नफा, दोघांत समान वाटून मोजतात. पगार मात्र ज्याचा त्याच्याकडे. वॉशिंग्टन राज्यातल्या त्या जोडप्याचा युक्तिवाद मडगावातल्या दुकानदाराला समजावून सांगावा लागणार नाही.

मग भारतात सगळ्यांनाच एकत्र विवरणपत्र का नको?

अर्थसंकल्प जवळ आला की ही मागणी आता ऐकू येते. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियानेही ऐच्छिक एकत्र विवरणपत्राची सूचना केली आहे. मागणीमागचं दुखणं खरं आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी दोघांचा पगार प्रत्येकी १२ लाख असेल तर त्या घराला कर शून्य. आणि एकट्याचाच पगार २४ लाख असेल, तर उपकरासह २,९२,५०० रुपये. घरात येणारा पैसा तेवढाच, खाणारी तोंडंही तेवढीच. आपल्या सरकारला ही जाणीव पूर्वी नव्हती असंही नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ च्या अर्थसंकल्पात विवाहितांची करमुक्त मर्यादा १,५०० वरून २,००० रुपये केली गेली आणि अविवाहितांची १,००० वर आणली गेली.

तरी मला या मागणीची काळजी वाटते, आणि तिचं कारण अमेरिकेतल्या त्या हंड्यांतच आहे. पहिल्या नवरदेवाकडे परत जाऊ. तो १,२०,००० कमावतो. चार वर्षांनी बायकोला नोकरीचा परवाना मिळतो आणि ४०,००० ची नोकरी चालून येते. ती अविवाहित असती तर एवढ्या पगारावर तिचा कर २,६७१.५० डॉलर आला असता. एकत्र विवरणपत्रात तिचा पहिला डॉलर पडायला जातो तेव्हा खालचे हंडे नवऱ्याच्या पगाराने जवळजवळ भरलेले असतात. घराचा कर १०,१४३ वरून १८,०९८ वर जातो, म्हणजे तिच्या नोकरीमुळे ७,९५५ वाढतात. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ३,०६० वेगळे कापले जातात. मग पाळणाघर, दुसरी गाडी.

एकूण हिशेबात हे जोडपं अजूनही फायद्यात आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दोन अविवाहितांपेक्षा ते २,४४०.५० डॉलर कमीच भरतं. पण स्वयंपाकघराच्या टेबलावर रात्री जी चर्चा होते तिच्यात हा हिशेब येत नाही. तिथे येतो तो एवढाच: तुझ्या चाळीसातले हातात उरणार किती? "त्यापेक्षा घरीच थांब," हे वाक्य तिथे बोललं जातं आणि ते सहसा बायकोलाच ऐकावं लागतं, कारण दुसरा पगार तिचा मानला जातो. नवऱ्याची नोकरी 'दुसरी' आहे असं कुणी मांडूनच पाहत नाही.

आजच्या भारतात नवऱ्याचा पगार २४ लाख असो की ९० लाख, बायकोच्या नोकरीवर पहिल्या पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही. तिचे हंडे तिचेच आहेत. एकत्र विवरणपत्र आणायचं असेल तर ते ऐच्छिक असावं, आणि निवड दरवर्षी नव्याने दोघांच्या सहीने व्हावी. ज्या वर्षी तिला पुन्हा नोकरी धरायची असेल, त्या वर्षी तिला आपले हंडे वेगळे काढून घेता आले पाहिजेत.